लॉरेटाचं तिसरं बाळंतपण

लॉरेटा एका महिन्यात दोनदा मेली, आणि दोन्ही वेळा निव्वळ सभ्यपणापायी मेली.

लॉरेटा ही रबराची बाई. तिला श्वास होता, नाडी होती, उघडमीट करणारे डोळे होते, पोटात रबराचंच बाळ होतं, आणि ते बाहेर आलं की एका नळीतून तिच्या अंगाखाली लाल पाणी वाहू लागायचं. बाळंतपणात एकाएकी जिवावर बेतलं तर नर्सेसनी काय करायचं, याची तालीम तिच्यावर व्हायची. तालीम घेणारी रोक्सान मूळची न्यू जर्सीची, म्हणजे बोलायला लागली की भिंतीवरचं घड्याळ हलावं अशी. ती लॉरेटाला गाडीत मागे आडवी घालून, पट्टे आवळून, लिटल हेरनच्या इस्पितळात घेऊन यायची. मिनेसोटात वर वर जात राहिलं आणि आता पुढे काहीच नसणार अशी खात्री पटली, की लिटल हेरन लागतं. गाव लहान, इस्पितळ त्याहून लहान, आणि त्यातला बाळंतिणींचा विभाग म्हणजे तीन खोल्या आणि एक कॉफीचं यंत्र.

पहिल्या तालमीत सूत्रं आर्लिस स्कोग्लुंडच्या हाती होती, कारण विभागाची मुख्य नर्स तीच. लॉरेटाला रक्तस्राव सुरू झाला. काय करायचं ते आर्लिसला तोंडपाठ होतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं. पण ते दुसऱ्याला करायला सांगायचं म्हणजे पंचाईत. या गावात कुणी कुणाला काम सांगत नाही. फार तर काम त्याच्या शेजारी ठेवतात आणि आपण खिडकीबाहेर बघत उभे राहतात. आर्लिसही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणाला सवड असेल तर, म्हणजे घाई नाहीये हं, पण डॉक्टरांना एक फोन गेला असता तर काही वाईट झालं नसतं."

फोन करायला खोलीतल्या तिन्ही नर्सेस गेल्या. आर्लिससुद्धा गेली, कारण आपण नुसतं सांगायचं आणि दुसरीनं धावायचं हे तिला बरं दिसेना. बाहेर फोनपाशी "तू कर", "नको गं, तूच कर, तुझा आवाज गोड आहे" असं सुरू झालं, आणि आत लॉरेटा एकटीच वाहत राहिली. शेवटी रोक्सान दारात येऊन ओरडली, "मेली! आता तिच्या नवऱ्याला कोण कळवणार, तेही आपसात ठरवा!"

दुसऱ्या तालमीत औषधांची गाडी आणायला नॅडीन आणि टोर्बोर्ग या दोन नर्स एकाच वेळी दाराशी पोचल्या.

"आधी तुम्ही," नॅडीन म्हणाली.

"छे छे, तू हो पुढे."

"तुमचा गुडघा दुखतोय ना, तुम्ही आधी."

"म्हणूनच म्हणते, मला वेळ लागेल. तू आधी."

"मेली," रोक्सान म्हणाली. या खेपेला तिनं आवाजही चढवला नाही, नुसती खुर्चीत बसली. "बायांनो, मी ही बाहुली देशभर फिरवते. तिला घाबरून मारणारे बघितले, विसरून मारणारे बघितले. नम्रपणानं मारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पण मग इस्पितळाच्या मंडळाची बैठक झाली. मंडळात सगळे बाप्ये, आणि त्यातला एकही कधी बाळंत झालेला नाही. त्यांनी ठरवलं की तिसऱ्या तालमीतही लॉरेटा गेली तर विभागाला कुलूप. मग गावातल्या बायांनी बाळंत व्हायला डुलुथ शहरात जायचं. रस्ता कोरडा असेल तर अडीच तास, आणि इथला रस्ता कोरडा असतो जुलैत. आर्लिसनं आपल्या आयुष्यातली सगळी नोकरी या तीन खोल्यांत केली होती. तिची दोन्ही मुलं इथेच झाली होती. आता दुकानात कुणी पोटुशी बाई दिसली की आर्लिसला गाडीत, बर्फात, कुठल्या तरी पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली चाललेलं तिचं बाळंतपण दिसायचं. आपण मोठ्यानं बोलू शकत नाही म्हणून हे होणार, हे तिला सहन होत नव्हतं.

रोक्सानचा नियम सोपा होता. ज्याला काम सांगायचं त्याच्या डोळ्यात बघायचं, त्याचं नाव घ्यायचं, काम सांगायचं. त्यानं ते मोठ्यानं परत म्हणून दाखवायचं आणि करायचं. "कुणीतरी" हा शब्द उच्चारला तर दंड.

आर्लिसनं घरी सराव सुरू केला. आधी कुत्र्यावर केला. ती "बस!" म्हणाली तेव्हा कुत्र्यानं मागे वळून कोण पाहुणे आलेत ते बघितलं. मग जेवताना तिनं नवऱ्याच्या डोळ्यात डोळे घातले. "एल्डन, मीठ दे."

एल्डननं काटा खाली ठेवला. चेहरा पांढराफटक. "माझं काही चुकलं का?"

"नाही. मीठ दे."

"तुझ्या मनात काय आहे ते एकदाच सांगून टाक, आर्लिस. मी तयार आहे."

तरी आठवड्याभरात तिनं बरीच मजल मारली. नॅडीनला ती "नॅडीन, फोन कर" असं म्हणू शकत होती, फक्त मागाहून हळूच "सॉरी" म्हणायची. नॅडीनला प्रत्येक वेळी खुदकन हसू यायचं, पण ती काम करायची. अडचण होती ती टोर्बोर्गची.

टोर्बोर्ग नुसती नर्स नव्हती. ती आर्लिसची सासू होती. शिवाय आर्लिसच्या आधी विभागाची मुख्य तीच होती, आणि मूल कसं धरायचं इथपासून सगळं आर्लिसला तिनंच शिकवलेलं. तिचे दंड असे की गावातल्या जत्रेत रस्सीखेच असली की दोन्ही बाजू तिला आपल्याकडे ओढायच्या. निवृत्त व्हायचं वय कधीच उलटून गेलं होतं, पण तिला निवृत्त व्हा असं सांगणार कोण? त्यासाठी कुणाला तरी काहीतरी सांगावं लागलं असतं.

"तिला नावानं हाक मार की," रोक्सान म्हणाली. "घरी काय म्हणतेस?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं माझ्याकडे लक्ष जाईपर्यंत थांबते."

"आणि नाही गेलं तर?"

"खोकते," आर्लिस म्हणाली.

लग्नाच्या दिवशी टोर्बोर्ग म्हणाली होती, "तुला हवं ते म्हण मला." हवं ते म्हणजे काय, हे पुढे दोघींनीही ठरवलं नाही. आई म्हणावं, तर आर्लिसची स्वतःची आई पलीकडच्या गल्लीत राहायची आणि तिचे कान तिखट. मिसेस स्कोग्लुंड म्हणावं, तर आता आर्लिसही मिसेस स्कोग्लुंडच. नुसतं टोर्बोर्ग म्हणायला जीभ रेटेना. मुलं लहान होती तोवर "आजी बघा हं कशी येते" असं मुलांच्या आडून भागवलं. मुलं मोठी झाली आणि आडोसाही गेला. एवढी वर्षं आर्लिस सासूसमोर खोकत होती.

"हे बघ," रोक्सान म्हणाली, "खोकला इथे धरत नाहीत. नाव घ्यायचं. नाहीतर मी नापासाचा शेरा मारणार, आणि मला ते मुळीच आवडणार नाही."

तिसऱ्या तालमीच्या दिवशी थंडी अशी पडली होती की श्वास बाहेर सोडला की परत घ्यावासा वाटायचा. रोक्सान आली तीच शिव्या घालत. तिची नकली रक्ताची सगळी बाटलीबंद फौज गाडीत गोठून दगड झाली होती. शिवाय तिच्या मदतनिसाला फ्लू झाला होता, आणि पडद्यामागे बसून माइकवर लॉरेटाचा आवाज तोच काढायचा.

रक्ताचा प्रश्न इस्पितळाच्या स्वयंपाकघरानं सोडवला. व्हिनेगरात घातलेल्या बिटाचे तीन डबे निघाले, त्यांचा रस लॉरेटाच्या टाकीत ओतला. रंग फक्कड आला. वास मात्र असा सुटला की नॅडीनला भूक लागली. आवाजासाठी मात्र इस्पितळात एकच माणूस रिकामा होता. ड्वेन. तो दिवे बदलायचा, बॉयलर बघायचा, बर्फ उपसायचा. साठीतला ब्रह्मचारी, आवाज भरलेल्या पिंपासारखा.

"मला जमणार नाही," तो म्हणाला. "मी कधी बाळंत झालो नाही."

"फक्त ओरडायचं," रोक्सान म्हणाली. "कळा आल्या की ओरड, रक्त जायला लागलं की घाबर."

"इतक्या लोकांसमोर?"

"पडद्यामागे आहेस तू!"

"तरी ऐकू जाणारच ना त्यांना," ड्वेन म्हणाला. पण बाईमाणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणून माइक घेऊन पडद्यामागे स्टुलावर जाऊन बसला.

तालीम सुरू झाली. कळा येत होत्या आणि लॉरेटा गप्प होती. रोक्साननं पडद्याला कोपर मारलं, तेव्हा लॉरेटाच्या रबरी तोंडातून खर्जात आवाज आला, "अं. आई गं. माफ करा."

बाळ बाहेर आलं. आर्लिसनं ते पुसून, गुंडाळून बाजूला ठेवलं.

"मुलगा का मुलगी?" लॉरेटानं घोगऱ्या आवाजात विचारलं. "काहीही असलं तरी चालेल. तुमच्याकडे जे असेल ते."

मग बिटाचा रस वाहायला लागला. पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरत गेला. आर्लिसनं लॉरेटाच्या पोटावर हात ठेवला. गर्भाशय आवळून घट्ट व्हायला हवं होतं, ते भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं. असं पोट जोर लावून चोळावं लागतं, नाहीतर रक्त थांबत नाही.

"लॉरेटा, कसं वाटतंय?"

"तक्रार नाही, सिस्टर."

"चक्कर येतेय का?"

"थोडी. पण याहून जास्त येणारी माणसं आहेत जगात." जरा थांबून आवाज पुढे म्हणाला, "घरी ओव्हनमध्ये जेवणाची हॉटडिश ठेवून आलेय. नवरा खाणीत कामाला आहे, त्याला ओव्हन बंद करता येत नाही. तुम्ही जेवलात का सगळ्या?"

"ड्वेन!" पडद्यापलीकडे रोक्सान फुसफुसली. "तू मरतोयस!"

"हो, पण त्याची दवंडी कशाला पिटायची," लॉरेटा म्हणाली, कारण माइक सुरूच होता.

आर्लिसनं दीर्घ श्वास घेतला आणि नॅडीनच्या डोळ्यात बघितलं. "नॅडीन, डॉक्टरांना फोन कर. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आहे म्हणून सांग."

"डॉक्टरांना फोन करते, रक्तस्राव म्हणून सांगते," नॅडीन म्हणाली, खुदकन हसली आणि एकटीच गेली. आर्लिसनं सलाईनमध्ये गर्भाशय आवळायचं औषध दिलं आणि तसं मोठ्यानं सांगितलं. नॅडीन फोन करून आली आणि पोट चोळायला लागली. पण नॅडीनचे हात म्हणजे काड्या. रोक्सानच्या हातातल्या यंत्रावर लॉरेटाची तब्येत दाखवणारा दिवा लाल तो लालच. इथे टोर्बोर्गचे दंड हवे होते.

टोर्बोर्ग चादर बदलत होती.

खरंच बदलत होती. आयुष्यात तिनं डागाळलेली चादर क्षणभर खपवून घेतली नव्हती. खाली बाई रिकामी होत चालली होती आणि टोर्बोर्ग तिला जराशी कुशीवर लोटून, नव्या चादरीचा कोपरा गादीखाली कसा नीट काटकोनात खोचावा, यात गढून गेली होती.

आर्लिस खोकली.

टोर्बोर्गनं मान वर केली नाही. "मध घे," ती म्हणाली.

आर्लिस पुन्हा खोकली, घसा फाटेस्तोवर.

"टोपी न घालता हिंडतेस, मग दुसरं काय होणार," टोर्बोर्ग म्हणाली आणि दुसरा कोपरा खोचायला घेतला.

पलंगापलीकडे रोक्सान उभी होती. तिचं पेन कागदावर टेकलेलं आर्लिसला दिसलं. तिला पेट्रोल पंप दिसला, त्याच्या दिव्याखाली पडणारा बर्फ दिसला. तिनं तोंड उघडलं. "ट", एवढंच निघालं.

"लॉरेटा," ती घाईनं म्हणाली, निदान रुग्णाशी बोलावं म्हणून, "आता कसं वाटतंय?"

उत्तर आलं नाही.

"लॉरेटा? ऐकू येतंय का?"

काहीतरी धप्प झालं आणि लॉरेटाच्या तोंडातून कर्कश शिट्टी निघून थांबली. मघापासून जी बाई नवऱ्याची, ओव्हनची, सगळ्यांच्या जेवणाची चौकशी करत होती, ती एकदम गप्प झाली. ही रबराची आहे, तिच्या अंगात बीट आहे, हे आर्लिस साफ विसरली. तिला एवढंच कळलं, की ही बिचारी शेवटपर्यंत कुणाला त्रास न देता माझ्या हाताखाली मरतेय.

"टोर्बोर्ग!"

ही हाक कुठून आली ते आधी कुणालाच कळलं नाही. आर्लिसलाही नाही. शेजारच्या इमारतीत दाताचे डॉक्टर होते, त्यांनी नंतर फोन करून विचारलं की तुमचा पेशंट चुकून माझ्याकडे आलाय का, का माझा तुमच्याकडे.

"टोर्बोर्ग, सोडा ती चादर! पोट चोळा! दोन्ही हातांनी! आत्ता!"

टोर्बोर्ग चादरीचा कोपरा धरून जागच्या जागी उभी. तिनं सुनेकडे बघितलं. मान, मग गाल, मग कपाळ, असा तिचा चेहरा खालून वर लाल होत गेला. नॅडीन हसायचीही विसरली.

"चादर सोडली," टोर्बोर्ग म्हणाली आणि खरंच सोडली. "पोट चोळते. दोन्ही हातांनी."

आणि तिनं बाह्या वर सारून असा जोर लावला की पलंगाचे ब्रेक किंचाळले आणि पलंग लॉरेटासकट भिंतीकडे सरकायला लागला. रोक्सानच्या हातातल्या यंत्राचा दिवा हिरवा झाला. पण आर्लिसला आता थांबता येत नव्हतं. इतकी वर्षं तुंबलेलं सगळं धरण फुटल्यासारखं बाहेर पडलं.

"नॅडीन, दुसरी सलाईन लाव! टोर्बोर्ग, थांबू नका! रोक्सान, बाजूला व्हा, उजेड अडवताय!"

"बाजूला झाले," रोक्सान म्हणाली आणि झाली.

"रक्तपेढीला सांगा, दोन पिशव्या! रोक्सान, तुम्हीच सांगा, नुसत्या उभ्या आहात!"

"दोन पिशव्या सांगते," रोक्सान म्हणाली, आणि फोनपर्यंत जाऊन आल्यावर तिच्या लक्षात आलं की परीक्षक आपण आहोत. तिनं रस थांबवायचं बटण दाबलं. लॉरेटाची नाडी भरली, डोळे उघडले. "वाचली!" रोक्सान ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बायांनो, वाचली ती! आणि ड्वेन, शाब्बास! बेशुद्ध पडायचं तर मी तुला सांगितलंही नव्हतं. काय तो गप्प झालास! ये बाहेर."

ड्वेन आला नाही. लॉरेटाच्या तोंडातून मात्र बारीकसं घोरणं ऐकू यायला लागलं.

आर्लिसनं खाली बघितलं. बिटाचा रस पलंगाखालून ओघळत पडद्यापर्यंत गेला होता, आणि पडद्याखालून दोन मोठे बूट बाहेर आले होते. टाचा जमिनीवर, चवडे छताकडे.

"नॅडीन, त्याचं डोकं बघ, लागलंय का ते. टोर्बोर्ग, त्याचे पाय उचलून स्टुलावर ठेवा. रोक्सान, तुम्ही पडदा धरा आणि बोलू नका."

"डोकं बघते." "पाय उचलते." रोक्साननं पडदा धरला आणि ती बोलली नाही. तिच्या ओळखीच्या कुणालाही हे खरं वाटलं नसतं.

ड्वेनच्या डोक्याला टेंगूळ आलं होतं, बाकी तो धडधाकट होता. बुटाशी लाल ओघळ आलेला बघून त्यानं डोळे फिरवले होते.

"अरे, बीट होतं ते!" नॅडीन म्हणाली. "तूच तर डबे आणलेस!"

"माहितेय," ड्वेन क्षीण आवाजात म्हणाला. "पण तोवर मी त्यात फार गुंतलो होतो. वाचले का मी?"

"वाचलीस," टोर्बोर्ग म्हणाली.

"आणि बाळ?"

"तेही छान आहे."

"उगाच त्रास दिला सगळ्यांना," ड्वेन म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले.

रोक्साननं त्या दुपारीच मंडळाला कळवलं की विभाग पास. कुणी त्यात खोट काढली तर आपण स्वतः येऊन बोलू, असंही कळवलं, तेव्हा कुणी काढली नाही. नॅडीननं कॉफी ठेवली. रोक्साननं आर्लिसला मिठी मारली. आर्लिस त्या मिठीत दाराच्या फळीसारखी ताठ उभी राहिली, पण तिला बरं वाटलं. विभाग वाचला होता. गावातल्या बाया आपल्याच गावात बाळंत होणार होत्या.

टोर्बोर्ग मात्र तिथे नव्हती. आणि तिच्याशिवाय आर्लिसला ती कॉफी गोड लागेना. भर खोलीत, परक्या बाईसमोर, आपण नवऱ्याच्या आईवर ओरडलो होतो. तिचं नाव घेऊन. तेही "नुसती चादर काय बदलताय" अशा सुरात. ती उठली आणि कपड्यांच्या खोलीत गेली.

टोर्बोर्ग तिथे चादरींच्या घड्या करत होती. आर्लिसनं खोकायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला माफ करा," ती म्हणाली. "मी तुमच्यावर ओरडले. असं ओरडायला नको होतं. म्हणजे ओरडायला हवं होतं, पण असं नको होतं. तुम्हाला राग आला असेल तर तो अगदी बरोबर आहे, आणि आला नसेल तरीही..."

"ओरडलीस खरी," टोर्बोर्ग म्हणाली. तिनं घडी पुरी केली, वर दुसरी ठेवली. "कानठळ्या बसल्या माझ्या."

"हो."

"इतकी वर्षं वाट बघितली मी."

आर्लिसला कळेना. "कशाची?"

"तू काहीतरी सांगशील याची." टोर्बोर्गनं पहिल्यांदा मान वर केली. तिचे डोळे लाल होते आणि तिला ते लपवायचंही सुचलं नव्हतं. "लग्न होऊन आल्यापासून तू माझ्याकडे वाटीभर साखर मागितली नाहीस. पोरं तापानं फणफणली तेव्हा तू शेजारणीला बोलावलंस. मी दोन घरं पलीकडे, खिडकीतून बघत होते तिला येता-जाताना. म्हटलं, हिला मी नको आहे. मग मीही लांबच राहिले. आपण कशाला मध्ये मध्ये करायचं."

"मला वाटायचं, तुम्हाला उगाच त्रास नको!"

"अगं, त्रासच हवा होता मला!" टोर्बोर्ग ओरडली. तीही काही कमी ओरडली नाही. दाताच्या डॉक्टरांचा फोन पुन्हा आला असणार.

दोघी त्या चादरींच्या फळ्यांमध्ये उभ्या राहिल्या. आर्लिसला रडू आलं, आणि रडता रडता हसूही आलं, आणि या गावात दोन्ही एकदम करायची पद्धत नसल्यानं ती नाक पुसत बसली. कुणाचं मन दुखवू नये म्हणून आपण जपून जपून वागलो, आणि त्या जपण्यानंच हिचं मन इतकी वर्षं दुखत होतं. हे कळून तिला फार वाईट वाटलं. आणि अजून वेळ गेलेली नाही म्हणून फार बरंही वाटलं.

तिनं नाक पुसलं, सासूच्या डोळ्यात बघितलं आणि सगळा धीर गोळा केला.

"टोर्बोर्ग, शनिवारी पहाटे मुलांना हॉकीला सोडायचंय. सोडाल?"

टोर्बोर्गनं विचार केला. चांगला वेळ घेऊन केला.

"नाही," ती म्हणाली. "शनिवारी मी तळ्यावर मासे धरायला जाते."

आर्लिसच्या सबंध जन्मात लिटल हेरनमधल्या कुणी तिला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. "बघू", "जमवते काहीतरी", "कल्पना काही वाईट नाही", असं म्हणतात. परक्या माणसाला असंच म्हणायचं असतं. सरळ नाही म्हणतात ते एल्डनला, पोरांना, सख्ख्या बहिणीला. ज्याच्याशी गोड वागायची गरज नसते त्यालाच. आर्लिसला ते उमगलं आणि आनंदानं तिचा चेहरा बिटासारखा झाला.

"मग रविवारी?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"रविवारी तर मुळीच नाही," टोर्बोर्ग म्हणाली. "आणि ती चादर धर दुसऱ्या टोकाला, नुसती उभी काय राहिलीस."